स्पेनच्या किनाऱ्यावर पेंटहाऊस घ्यायचंय, जाणकारांनी कृपया सांगा

मृण्मयी_आइंडहोवन

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, परदेशात घर घेण्याबद्दलचे जुने धागे सगळे चाळले पण स्पेनबद्दल नीट काही सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

आम्ही दोघं मूळचे पुण्याचे, आता नेदरलँड्समध्ये. पासपोर्ट दोघांचेही भारतीय, इथलं कायमचं रेसिडेन्स आहे. डिसेंबरात साडेचारला दिवे लावावे लागतात, नवऱ्याच्या गुडघ्यांना ही थंडी अजिबात मानवत नाही, आईबाबा पुण्याहून आले की घरात कोंडल्यासारखे होतात. गेली काही वर्षं सुट्टीत स्पेनच्या कोस्ता ब्लांका किनाऱ्यावर जातोय आणि आता तिथेच एक छोटं घर घ्यायचं असं ठरलंय.

गाव व्हियाहोयोसा. आलिकांतेपासून तीसेक किलोमीटर, तिथले लोक नुसतं ला विला म्हणतात. समुद्राकडे तोंड करून पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची जुनी घरं ओळीने उभी आहेत, बंदरात दुपारी मासळी उतरते आणि तिथेच लिलाव होतो, वालोर चॉकलेटचा कारखाना १८८१ पासून याच गावात. आलिकांतेहून ट्राम येते त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. शेजारचं बेनिदोर्म म्हणजे नुसते टॉवर आणि गर्दी, ते आम्हाला नकोच होतं.

घर सहाव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, दोन बेडरूम, आत ७८ चौरस मीटर आणि बाहेर ६० चौरस मीटरची गच्ची! तिकडे अशा घराला आतिको म्हणतात. इमारत सत्तरच्या दशकातली, लिफ्ट आहे. गच्चीच्या एका कोपऱ्यात आधीच्या मालकांनी काचेची खोली करून घेतलीय, तिथे बसलं की समोर फक्त पाणी दिसतं, मी तर तिथून उठायलाच तयार नव्हते. मागणी ३,२०,००० युरो. विकणारं जोडपं बेल्जियमचं, वय झालंय, आता येणं होत नाही म्हणून विकतायत.

एजंट म्हणतोय अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात, ५,००० युरो भरून रिझर्व करा. जुलै-ऑगस्टमध्ये पर्यटकांना भाड्याने देऊन हप्ता निघेल असंही म्हणतो. कुणी घेतलंय का तिकडे घर? वरचा खर्च किती येतो? शेवटच्या मजल्याचं काही वेगळं बघावं लागतं का?

पर्वतीकर

पाणी दिसणारी गच्ची म्हटल्यावर विषयच संपला. घेऊन टाका. फोटो टाका आधी.

लेवांते

मृण्मयीताई, ते पाच हजार अजून भरले नसतील तर भरू नका. मी आलिकांतेत राहतो, बायको इथलीच, ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या घरखरेदीत कागद वाचायला बसलोय त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे स्वतःचा वकील. एजंटने सुचवलेला नाही, विकणाऱ्याचा तर नाहीच. फी साधारण किमतीच्या एक टक्का अधिक व्हॅट. इथे नोतारिओ म्हणजे नोटरी असतो, मोठा सरकारी दर्जाचा माणूस, पण तो तुमच्या बाजूने भांडत नाही. व्यवहार कायदेशीर रीतीने नोंदला जातोय ना एवढं तो पाहतो. गच्ची गळते का, सोसायटीत भांडणं आहेत का, हे बघणं त्याचं काम नाही.

मग एनआयई नंबर, परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. त्याशिवाय खरेदीही नाही आणि कर भरणंही नाही. दोघांच्या नावावर घेणार तर दोघांचे काढा. तुमच्याकडच्या स्पॅनिश वकिलातीतूनही अर्ज करता येतो.

रजिस्ट्रीतून नोता सिंप्ले नावाचा उतारा काढा. ऑनलाइन मिळतो, दहा-अकरा युरो पडतात. मालक कोण, कर्ज किंवा जप्ती आहे का, घराचं वर्णन काय, मीटर किती हे सगळं त्यात येतं. तुम्ही सांगितलेले ७८ आणि ६० त्यात आहेत का ते बघा. काचेची खोली त्यात नसणार असा माझा अंदाज आहे. आणि ७८ हे भिंती धरून की आतलं चटईक्षेत्र तेही विचारा, आपल्याकडे कार्पेट आणि बिल्टअपचा जो घोळ असायचा तो इथेही आहे.

हे सगळं झाल्यावर आरास. म्हणजे विसार, बहुतेक दहा टक्के. सिव्हिल कोडच्या कलम १४५४ प्रमाणे करार केला तर तुम्ही मागे फिरलात की विसार बुडाला, आणि विकणारा मागे फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा. आरासच्या करारात एकदा जे लिहिलं त्याच्यापुढे नंतर फार काही हलत नाही म्हणून जे काही भांडायचं ते त्याच्या आधी. कर्ज काढणार असाल तर बँकेने नाकारलं तर विसार परत, हे कलम घालून घ्या, नसेल तर तो गेला.

आता पैसे. जुनं घर असल्यामुळे खरेदीवर आयतीपी नावाचा हस्तांतरण कर. तो प्रांताप्रांतात वेगळा, आंदालुसियात सरसकट ७ टक्के, आमच्या वालेन्सिया प्रांतात १० टक्के. पण इथे १ जून २०२६ पासून तो ९ होतोय, कायदा मंजूर झालाय. तुमच्या किमतीला तो एक टक्का म्हणजे ३,२०० युरो, म्हणून अंतिम सही जूनमध्ये ठेवता आली तर ठेवा. नोटरी, रजिस्ट्री, वकील सगळं धरून वरचा खर्च आजच्या दराने १२-१३ टक्के धरा.

आणखी एक. कर तुम्ही दिलेल्या किमतीवरच लागेल असं नाही. २०२२ पासून सरकार प्रत्येक घराचा एक संदर्भ दर ठरवतं, अगदी आपल्या रेडी रेकनरसारखा, आणि तो तुमच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर त्याच्यावर कर बसतो. कातास्त्रो म्हणजे सरकारी मालमत्ता-नोंद खातं, त्याच्या साइटवर तुमच्या घराचा दर दिसतो, बघून ठेवा.

विकणारे स्पेनमध्ये राहत नाहीत, हे फार महत्त्वाचं आहे. अशा वेळी किमतीतले ३ टक्के घेणाऱ्याने कापून ठेवायचे आणि महिन्याच्या आत २११ नंबरच्या फॉर्मवर सरकारात भरायचे. नाही भरले तर सरकार तुमच्या दारात येतं, बेल्जियमला जात नाही. शिवाय प्लुसवालिया म्हणून नगरपालिकेचा कर असतो, तो खरं तर विकणाऱ्याचा, पण विकणारा परदेशात राहणारा असेल तर पालिका तो घेणाऱ्याकडून वसूल करते. वकिलाला सांगून ती रक्कमही सहीच्या दिवशीच कापून घ्या.

पर्यटकांच्या भाड्याबद्दल एजंट जे बोलला ते जुन्या काळातलं आहे. ३ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी सोसायटीची आधी मंजुरी लागते, तीन पंचमांश मतांनी. आणि १ जुलै २०२५ पासून नोंदणी नंबर असल्याशिवाय भाड्याच्या साइटवर जाहिरात टाकता येत नाही. हप्ता भाड्यातून निघेल हे गणितातून काढून टाका, मगच परवडतं का बघा.

शेवटच्या मजल्याचं उद्या लिहितो, ते एवढ्यात आटोपणारं नाही.

गोदाकाठ

फार उपयुक्त धागा. मी नाशिकचा, वय ६१, नुकताच निवृत्त झालोय. मुलगा म्हणतो स्पेनमध्ये पाच लाख युरोचं घर घेतलं की व्हिसा मिळतो. मग भारतातून पैसे पाठवून घेता येईल का?

लेवांते

गोदाकाठ काका, तो गोल्डन व्हिसा. २०१३ च्या कायद्याने सुरू झाला आणि ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला. वर सोसायटीच्या मंजुरीचं लिहिलं ना, ते आणि हे एकाच कायद्यातून आलं. आता घर घेतल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. घर कितीही मोठं घेतलंत तरी साध्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, त्यातही व्हिसा मिळाला तर.

निवृत्त माणसासाठी वेगळा व्हिसा आहे, ज्यात इथे नोकरी-धंदा करायचा नाही आणि स्वतःचं उत्पन्न दाखवायचं. अर्जदारासाठी वर्षाला २८,८०० युरो, सोबत बायको असेल तर आणखी ७,२००. त्याला घर विकत घेतलेलं असण्याची अट नाही, भाड्याचं चालतं. माझं स्पष्ट मत, आधी एक हिवाळा भाड्याने राहून बघा.

सीए_ठाणे

काका, पैशाच्या बाजूचं मी सांगतो.

भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. आजच्या भावाने त्याचे सव्वादोन लाख युरोसुद्धा होत नाहीत. काकूंच्या नावाची मर्यादा वेगळी, ती जोडता येते, पण मग घरावर त्यांचं नाव मालक म्हणून हवं. मुलाच्या, सुनेच्या नावाने पैसे पाठवून घर एकट्या तुमच्या नावावर, हे चालत नाही. बरेच लोक विसार मार्चमध्ये आणि उरलेली रक्कम एप्रिलमध्ये पाठवतात म्हणजे दोन वर्षांची मर्यादा मिळते, ते कायदेशीर आहे.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना आधीच कापला जाणारा कर, विसरू नका. वर्षाला दहा लाखांच्या वर जे पाठवाल त्यावर २० टक्के बँक कापून घेते. दीड कोटी पाठवले तर एक कोटी चाळीस लाखांवर २८ लाख. हा खर्च नाही, रिटर्न भरताना करातून वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत एवढी रक्कम हाताशी हवी. कर्ज काढून हे पैसे पाठवता येत नाहीत, भारतातल्या बँकांना एलआरएसखाली बाहेर गुंतवणूक करायला कर्ज द्यायची परवानगीच नाही. आणि तिकडच्या बँकेचं कर्ज भारतात राहणाऱ्याने फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, जाणणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये.

घर झाल्यावर दर वर्षी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरायचं. राहून गेलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, आणि अलीकडे जी वीस लाखांची सूट दिली ती बँक खाती, शेअर वगैरेंना, घराला नाही. माझ्याकडे येणारे लोक हे दरवेळी सगळ्यात शेवटी विचारतात, म्हणून इथे आधीच लिहितोय.

मृण्मयी, तुम्हाला एलआरएसचा प्रश्न नाही, पैसा तिकडेच कमावलेला आहे. पुढेमागे कायमचे पुण्याला परतलात तरी अनिवासी असताना घेतलेलं हे घर फेमाच्या कलम ६(४) खाली ठेवता येतं. त्यामुळे बँकेचे कागद, पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, पैसा कुठून आला हे दाखवता यायला हवं.

शाल्मली_बार्सिलोना

थोडं वेगळं लिहितेय, राग मानू नये. मी इथे शिकवते. माझ्यासोबत काम करणारे तरुण शिक्षक पगारातले निम्म्याहून जास्त पैसे एका खोलीला देतात. किनाऱ्यावरच्या गावांत तर वेटर, नर्स, ड्रायव्हर यांना राहायला जागाच मिळत नाही, कारण घरं दहा महिने बंद आणि दोन महिने पर्यटकांना. लोक उगाच रस्त्यावर उतरत नाहीयेत. बार्सिलोनाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत सगळे, म्हणजे १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने संपवायचं जाहीर केलंय. युरोपियन युनियनबाहेरच्या, इथे न राहणाऱ्या खरेदीदारांवर शंभर टक्के कर लावायचा प्रस्ताव पंतप्रधान सांचेझ यांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडला, त्याचा कायदा झालेला नाही, पण हवा कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण घेतलंत तर तिथे खरंच राहा, आणि तुम्ही नसाल तेव्हा गावातल्या कुणाला महिन्यांच्या करारावर द्या.

पर्वतीकर

शाल्मली, एका मराठी कुटुंबाने एक फ्लॅट घेतल्याने स्पेनची घरटंचाई वाढणार नाही हो. कष्टाचे पैसे आहेत त्यांचे.

शाल्मली_बार्सिलोना

एका कुटुंबाने नाही, पण प्रत्येक जण हेच म्हणतो. कोकणात किनाऱ्यालगतच्या गावांत मुंबई-पुण्याचे बंगले झाले आणि गावच्या पोराला दोन गुंठे घेता येईनात, तेव्हा आपल्याला वाईट वाटतंच ना?

मृण्मयी_आइंडहोवन

शाल्मली, राग कसला, बरं झालं लिहिलंस. पर्यटकांना द्यायचा विचार आम्ही सोडलाय. नवऱ्याला घरून काम करता येतं, आम्हाला तिथे वर्षातले अडीच-तीन महिने राहायचंय. लेवांतेदादा, तुमच्या शेवटच्या मजल्याच्या प्रतिसादाची वाट बघतेय.

लेवांते

आलो. अडीच-तीन महिने म्हणताय, तर तुमच्या डच रेसिडेन्सवर स्पेनमध्ये १८० दिवसांत ९० पर्यंतच राहता येतं, तेवढी मोजणी ठेवा.

आतिकोचं मुख्य हे आहे की तुम्ही ज्या गच्चीसाठी जास्तीचे पैसे मोजताय ती बहुतेक वेळा कागदावर तुमच्या मालकीची नसते. सगळ्या इमारतीचं छप्पर असल्यामुळे ती सामायिक, आणि वापरण्याचा हक्क फक्त तुमचा. याचा एक फायदा आहे. खालचा वॉटरप्रूफिंगचा थर, स्लॅब हे दुरुस्त करायचा खर्च सोसायटीचा, झाडलोट आणि पाणी जायची जाळी साफ ठेवणं तुमचं. पण सोसायटीला कोमुनिदाद म्हणतात इथे, तिच्या नियमावलीत वेगळं लिहिलेलं असू शकतं आणि तुमच्या निष्काळजीपणाने गळलं असं ठरलं तर बिल तुमचंच. आणि सामायिक असल्यामुळे परवानगीशिवाय काच, पत्रा, पर्गोला काही बांधता येत नाही.

म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे की गेल्या तीन-चार वर्षांच्या कोमुनिदादच्या सभांची इतिवृत्तं मागा. आक्तास म्हणतात. समुद्र कसाही दिसो, घराची खरी तब्येत त्या कागदांत कळते. कोण गळतीची तक्रार करतोय, लिफ्ट बदलायची चर्चा किती वर्षं चाललीय, कोण पैसे भरत नाही, सगळं. मोठ्या दुरुस्तीसाठी सगळ्यांवर जी जादा वर्गणी बसते तिला देर्रामा म्हणतात. कायदा असा की हप्ता भरायची तारीख येईल तेव्हा जो मालक असेल त्याने भरायचा. म्हणजे ठराव बेल्जियमवाल्यांच्या काळात, पैसे तुमच्या. मागची थकबाकीसुद्धा चालू वर्ष आणि त्याआधीची तीन वर्षं एवढी घराबरोबर तुमच्याकडे येते, त्यामुळे काही बाकी नाही असं कोमुनिदादच्या अॅडमिनिस्ट्रेटरचं पत्र हवंच.

पन्नास वर्षांच्या वरच्या इमारतींना आमच्या प्रांतात तपासणी अहवाल बंधनकारक आहे. सत्तरच्या दशकातली म्हणजे तुमची त्यात येते किंवा येऊ घातलीय. मागून घ्या.

लिफ्ट नक्की सहाव्यावर थांबते का तेही बघा. जुन्या इमारतींत आतिकोच्या खालच्या मजल्यावरच ती संपते आणि शेवटचा जिना चढावा लागतो, गुडघ्यांसाठी घर घेताय म्हणून सांगतो. आणि एकदा ऑगस्टमध्ये दुपारी तीनला जाऊन उभं राहून या, आणि एकदा जानेवारीत. वर दुसरं घर नाही, तिन्ही बाजू मोकळ्या, जुन्या इमारतींत इन्सुलेशन नसतं, हिवाळ्यात बाहेर १५ अंश छान ऊन आणि आत हीटिंग नाही म्हणून रात्री कुडकुडायला होतं.

गच्चीवाला_डोंबिवली

लेवांते यांनी माझ्या विषयाला हात घातला म्हणून लिहितो. मी स्ट्रक्चरल इंजिनीयर, निम्मं आयुष्य वरच्या मजल्यांच्या गळतीत गेलंय. आपल्याकडे ब्रिकबॅट कोबा आणि वर चायना मोझॅक, तिकडे डांबरी मेम्ब्रेन आणि वर फरशी, पण पाणी आत शिरायच्या जागा जगात सगळीकडे त्याच.

ताई, पुढच्या वेळी जाल तेव्हा गच्ची शेवटी बघा. आधी खालच्या पाचव्या मजल्याची बेल वाजवा आणि त्यांच्या छताकडे बघू का विचारा. ताजा रंग लावलेला फक्त एकच चौकोन दिसला तर समजून जा. मग वर या. गच्चीच्या दाराचा उंबरठा फरशीपासून किती उंच आहे ते हाताने मोजा. भिंतीलगत मेम्ब्रेन फरशीच्या वर निदान २० सेंटिमीटर चढलेलं हवं असं तिकडची बांधकाम नियमावली सांगते. पुष्कळ ठिकाणी लोक जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवतात, उंबरठा बुडतो आणि पाणी सरळ हॉलमध्ये. तिकडे पाऊस कमी पण शरद ऋतूत दाना म्हणतात ते ढगफुटीसारखं वादळ येतं तेव्हा महिन्यांचा पाऊस तासांत पडतो, २०२४ च्या ऑक्टोबरात वालेन्सियाजवळ काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. साठ मीटर गच्चीला पाणी जायची तोंडं किती? एकच असेल आणि त्यात पानं अडकली तर गच्चीचा हौद होतो. बादली घेऊन पाणी ओता आणि कुठे वाहतंय, कुठे साचतंय ते बघा, कुणी हसलं तर हसू दे.

काचेच्या खोलीचे खांब कशात बसवलेत? फरशीतून बोल्ट खाली गेले असतील तर प्रत्येक बोल्ट म्हणजे मेम्ब्रेनला एक भोक. खारी हवा आहे, लोखंड गंजून फुगतं आणि भोक मोठं होतं.

आणि कुणी जकूझी ठेवायचं डोक्यात घातलं तर नाही म्हणा. खासगी वापराच्या गच्चीला तिकडचा आजचा नियम चौरस मीटरला साधारण १०० किलो धरतो. दोन बाय दोन मीटरच्या टबात १,२०० लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचेच ३०० किलो दर मीटरला, वर माणसं. मोठ्या मातीच्या कुंड्याही भिंतीलगत ठेवायच्या, मधोमध नाही.

पर्वतीकर

गच्चीवाला, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावतोय. तिसऱ्यांदा कोबा चाललाय आमच्याकडे.

मृण्मयी_आइंडहोवन

अपडेट देते, उशीर झाला पण मध्ये बरंच घडलं.

एजंट आक्तास द्यायला तयारच नव्हता, "तशी पद्धत नाही" म्हणाला. मग आमच्या वकीलबाईंनी थेट बेल्जियमच्या आजोबांना फोन लावला, त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळे कागद स्कॅन करून पाठवले. अतिशय सज्जन माणूस. एका इतिवृत्तात सरळ लिहिलंय की पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी बेडरूमच्या छताला ओल असल्याची तक्रार केली आणि पुढच्या सभेत छप्पर आणि पुढची भिंत मिळून ५४,००० युरोची देर्रामा मंजूर झाली. या घराचा वाटा ९ टक्के, म्हणजे ४,८६०. पहिला हप्ता सप्टेंबरात. आम्ही जूनमध्ये सही केली असती तर चारही हप्ते आमच्या डोक्यावर!

मी खाली जाऊन बेल वाजवली. त्या आजींनी आत बोलावलं, छत दाखवलं, बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळट नकाशे आणि एका बाजूला पोपडे. बरोबर आमच्या काचेच्या खोलीच्या खाली. नवऱ्याने वर बादली ओतली तर पाणी त्याच खोलीच्या कडेला जाऊन थांबलं. गच्चीवाला काका, तुम्ही इथे बसून जे सांगितलंत ते डोळ्यांनी पाहिलं.

नोता सिंप्लेमध्ये ७८ आहेत पण भिंती धरून, आतले ६९. गच्ची "वापराचा हक्क" म्हणून नोंदलेली. काचेची १४ मीटरची खोली कुठेच नाही, ना रजिस्ट्रीत ना कातास्त्रोत, आणि परवानगीचा एकही ठराव नाही. बँकेच्या माणसाने मूल्यांकन करताना ती सोडूनच दिली, २,९५,००० आले. बिगररहिवासी म्हणून कर्ज ६० टक्केच देतायत, ते किंमत आणि मूल्यांकन यातल्या कमी आकड्यावर, म्हणजे १,७७,०००.

लिफ्ट सहाव्यापर्यंत येते, तेवढं चांगलं.

मन फार खट्टू झालंय. सोडून द्यावं का?

लेवांते

सोडायचं कशाला? आता तुमच्या हातात कागद आहेत. देर्रामा मंजूर झालीय म्हणजे छप्पर दुरुस्त होणार आहे, हे वाईट नाही, उलट दुरुस्ती न ठरलेली इमारत जास्त वाईट. काचेची खोली किमतीत धरायचीच नाही, आणि ती सहीच्या आधी विकणाऱ्यांनी काढून द्यायची, नाहीतर छपराचं काम करताना कोमुनिदाद ती काढायला लावणारच आणि खर्च तुमच्यावर येईल. मूल्यांकनाचा कागद समोर ठेवा आणि शांतपणे बोला. विकणारे सज्जन आहेत म्हणताय, तेच करतील.

गच्चीवाला_डोंबिवली

अनुमोदन. खोली काढल्याशिवाय त्या जागचं मेम्ब्रेन नीट होणारच नाही. आणि काम संपल्यावर गच्चीवर पाणी तुंबवून निदान चोवीस तास ठेवून चाचणी घ्यायला सांगा, फरशी बसवायच्या आधी. खालच्या आजींना त्या दिवशी घरी थांबायला सांगा.

सीए_ठाणे

वर्षाचा खर्चही आत्ताच धरून ठेवा. घरपट्टी, कचरा, कोमुनिदादची वर्गणी तर आहेच, शिवाय घर रिकामं असलं तरी स्पेन बिगररहिवाशाकडून मानीव उत्पन्नावर कर घेतो, २१० नंबरचा फॉर्म. कातास्त्रोची किंमत १,१०,००० असेल आणि गेल्या दहा वर्षांत सुधारलेली असेल तर १.१ टक्के म्हणजे १,२१० हे उत्पन्न, नसेल तर २ टक्के. त्यावर तुम्ही नेदरलँड्सचे कर-रहिवासी म्हणून १९ टक्के, साधारण २३० युरो. गोदाकाठ काकांनी घेतलं तर त्यांना २४ टक्के.

गोदाकाठ

मी आणि सौ. नी ठरवलं, या डिसेंबरात, सगळा हिवाळा नाही तरी एक महिना, भाड्याने, आलिकांतेलाच. लेवांते, तुम्हाला भेटायला आवडेल. शेवचिवडा आणतो.

लेवांते

काका, नक्की या. सोबत नाशिकचा कोंडाजी चिवडाही आणा.

मृण्मयी_आइंडहोवन

झालं! ३,०२,००० ला ठरलं. खोली ते काढून देणार, देर्रामा आम्ही भरणार पण ती किमतीतून वळती झालीय, कर्ज नाकारलं तर विसार परत हे कलमही घातलंय. आरासचे ३०,२०० गेल्या आठवड्यात भरले. सही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आयतीपी ९ टक्क्यांनी २७,१८०. संदर्भ दर आमच्या किमतीपेक्षा कमी आहे, तेही बघितलं. खालच्या आजींना सांगितलं की आम्हीच घेतोय, त्यांनी गालाचे मुके घेतले आणि जुलैच्या शेवटी मोरोस इ क्रिस्तिआनोसच्या, म्हणजे मूर आणि ख्रिश्चनांच्या जुन्या लढाईच्या, उत्सवाला या म्हणाल्या, पहाटे समुद्रातून जहाजं किनाऱ्याला लागतात ती तुमच्या गच्चीतून दिसतील म्हणे.

शाल्मली, आम्ही नसू तेव्हा गावातल्या शाळेत दर वर्षी बदलून येणाऱ्या शिक्षकांपैकी कुणाला सप्टेंबर ते जून देता येईल का याची वकीलबाईंकडे चौकशी केलीय. मग आमचं राहणं उन्हाळ्यात होईल, हिवाळ्याचं काय करायचं ते घरात बोलणं चालू आहे.

दादा, शेवटचा प्रश्न. आम्हाला दोघांना स्पॅनिश कामापुरतं येतं. सहीच्या दिवशी काय काय लागेल?

लेवांते

मनापासून अभिनंदन ताई!

कामापुरतं येतं हे नोटरीला चालत नाही, दस्त पूर्ण समजला पाहिजे, म्हणून दुभाषा ठरवा किंवा वकीलबाईंना मुखत्यारपत्र द्या. माझं मत, स्वतः जा आणि दुभाषा घ्या. पासपोर्ट मूळ, एनआयई दोघांचे, पैसे बँकेच्या चेकने. कर्जाचे कागद बँकेने सहीच्या निदान दहा दिवस आधी द्यायचे असतात आणि त्यानंतर, उशिरात उशिरा सहीच्या आदल्या दिवशी, नोटरीकडे वेगळं जावं लागतं, तिथे तो सगळं समजावून सांगतो, ती तारीख आत्ताच ठरवा नाहीतर सही पुढे जाते. ऊर्जा प्रमाणपत्र, घर राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा कागद, कोमुनिदादचं बाकी नसल्याचं पत्र, घरपट्टीची शेवटची पावती हे विकणाऱ्यांकडून. आदल्या दिवशी घरी जाऊन खोली खरंच काढलीय का आणि तिथली भोकं बुजवलीयत का ते बघून या, मगच सही.

किमतीचे ३ टक्के म्हणजे ९,०६० कापायचे आणि प्लुसवालियाची रक्कमही. २११ चा फॉर्म महिन्याच्या आत. भरल्याची पावती वकीलबाईंकडून मागून घ्या आणि एक प्रत आजोबांना बेल्जियमला पाठवा, त्यांना त्यांचा हिशेब करून उरलेले परत मागायला ती लागते.